दोन सारख्याच जुन्या शिडाच्या बोटींपैकी कोणती घ्यावी?

सिंहगडकर:
नमस्कार. खडकवासल्याच्या पाण्यात लहान डिंगी (उघडी शिडाची होडी) चालवून सहा वर्षे झाली. आता मेहुण्याबरोबर भागीदारीत, आत राहता येईल अशी जुनी बोट घ्यावी, ती अलिबागजवळ मांडव्याच्या बाजूला ठेवावी आणि ऑक्टोबर ते मे या काळात दिघी, जयगड, विजयदुर्गापर्यंत जावे असा विचार आहे. पाहिलेल्या दोन्ही बोटी २८ फुटी, फायबरग्लासच्या, १९८०च्या दशकातल्या असून किमतीही जवळपास सारख्या आहेत. पहिलीला एकच खोल कील (तळाखालचे वजनदार पाते) असल्याने दीड मीटरहून अधिक पाणी लागते. तिचे डिझेल इंजिन चार वर्षांपूर्वी बदललेले आहे, पण शिडे जुनी आहेत. दुसरीला दोन आखूड कील आहेत, एक मीटर पाणी पुरते, शिडे नवी आहेत, मात्र इंजिन मूळचेच आणि थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे आहे. मेहुण्याचा कल नव्या इंजिनाकडे आहे. आपला सल्ला हवा.

जुना तांडेल:
आपण पुण्यात आणि बोट घाटाखाली एकटी, ही गोष्ट मी सर्वांत आधी धरीन. मुंबईच्या परिसरात उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते आणि खाड्यांत गाळ असतो. दोन कीलांची बोट ओहोटीला चिखलात सरळ बसते, त्यामुळे तळाचे शेवाळ आणि शिंपले क्रेन न बोलावता खरवडता येतात; आपल्या कोमट पाण्यात हे काम वारंवार निघते. एका कीलची बोट तशी अडकली तर कुशीवर पडते. नव्या शिडांना मात्र फार भाव देऊ नका, झाकून ठेवली नाहीत तर ऊन त्यांची लवकरच रया घालवते.

मतलई:
मुद्दा मान्य, पण परतीचा विचार राहिला. हिवाळ्यात दुपारनंतर खारे वारे वायव्येकडून येतात. विजयदुर्गाला जाताना ते पाठीशी असतात आणि येताना थेट नाकावर. आखूड कीलांची बोट वाऱ्यावर कमी चढते, म्हणजे समोरच्या वाऱ्याकडे तिरपी जाताना मागे पडते, आणि बाजूला अधिक सरकते. पहाटे मतलई वाऱ्यावर निघून दुपारी खाडीत शिरणे हा जुना उपाय आहेच, पण सोमवारी पुण्यात हजेरी लावायची असेल तर इंजिनच चालवावे लागते. म्हणून दुसरी घेणार असाल तर इंजिन बदलण्याचा खर्च आजच किमतीतून वजा करून मागावा.

त्याआधी हातोडीच्या दांड्याने डोलकाठीच्या पायथ्याभोवती डेक ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर डेकच्या फायबरग्लासच्या थरांमधले लाकूड भिजून कुजलेले असण्याची दाट शक्यता, आणि ते दुरुस्त करणे इंजिन बदलण्याहून किचकट. डोलकाठीच्या पोलादी तारा कधी बदलल्या तेही विचारा. दहा-पंधरा वर्षे झाली असतील तर त्या बदलायच्याच, असे धरून चाला.

सिंहगडकर:
शनिवारी जाऊन आलो. पहिलीच्या डोलकाठीभोवती हातभर जागेत बद्द आवाज येतो आणि तारांची पावती मालकाला सापडली नाही. दुसरीचा डेक ठणठणीत आहे. इंजिनाचा खर्च वजा करून आकडा कळवला. मेहुणा अजून रुसलेला आहे. एक शंका आहे: दुसरीचा डावा कील तळाला जिथे जोडला आहे, तिथे केसाएवढी चीर दिसते.

जुना तांडेल:
सगळी रक्कम अडवून ठेवा. चिखलात टेकताना सारा ताण त्याच सांध्यावर येतो. वरचा रंग थोडा खरवडून पाहा; चीर काचतंतूंत उतरलेली दिसली, किंवा आतून कीलच्या बोल्टांभोवती ओल अथवा गंजाचे ओघळ आढळले, तर बोट पाण्याबाहेर काढून सर्वेक्षकाला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये.