मदत हवी आहे: इंग्रजी भाषणाचा क्लब सुरू केलाय, पण बोलणाऱ्याच्या चुका कधी सांगायच्या?

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी आम्ही नऊ जणांनी इंग्रजीत भाषण करायचा सराव म्हणून एक छोटा क्लब काढला. दर शनिवारी दीड तास. इंग्रजी शिकवणं हा हेतू नाही. चारचौघांत उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते, ती सुटावी एवढंच.

दोन बैठका झकास झाल्या, तिसरीला माती खाल्ली. एक ताई पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. हातातला कागद थरथरत होता, पण वाक्यं येत होती. चौथ्या-पाचव्या वाक्याला त्या 'शी डोन्ट नो' म्हणाल्या आणि मागून मी पटकन 'डझन्ट' म्हणालो. (हो, मीच. सवय.) त्यांनी कागदाकडे पाहिलं, तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुढचं काही आठवेना. 'थँक यू' म्हणून बसल्या. त्यानंतर दोन शनिवार आलेल्या नाहीत. फोन केला तर 'कामात आहे हो' म्हणतात.

म्हणून विचारतोय. चुका सांगायच्याच नाहीत, तर सुधारणा कशी होणार? आणि सांगायच्या तर कधी, कोणी?

दुसरं, ज्यांना आधीच फाडफाड येतं ते दहा-दहा मिनिटं माइक सोडत नाहीत. टोस्टमास्टर्सशी (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची जगभर पसरलेली संस्था) जोडून घ्यायचा विचार होता, पण नवा क्लब नोंदवायला किमान २० सदस्य लागतात. तोवर काय करावं?

प्रतिसाद १

मी काही वर्षं टोस्टमास्टर्समध्ये आहे. मध्येच टोकणं आमच्याकडे नाहीच. प्रत्येक भाषणाला एक मूल्यमापक आधीच ठरलेला असतो. तो बोलणाऱ्याला अगोदर विचारतो, 'तुमचं नेमकं काय बघू?' आणि शेवटी उभा राहून दोन-तीन मिनिटांत सांगतो. व्याकरण बघायला वेगळा माणूस, 'अं', 'सो', 'यू नो' मोजायला आणखी एक. तुमच्या बैठकीत ज्यांना चुका खुपतात त्यांनाच वही-पेन द्या. हात गुंतले की तोंड बंद राहतं, स्वानुभव आहे.

वेळेसाठी तीन रंगीत कार्डं पुरतात: हिरवं, पिवळं, लाल. नव्या सदस्याचं पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटं, पुढची बहुतेक ५ ते ७, आणि आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर १ ते २. फाडफाडवाल्यांना दोन मिनिटांत आटपायला लावा, त्यांचाही घाम निघतो.

२० जणांसाठी अडून बसू नका. टोस्टमास्टर्सचे संस्थापक राल्फ स्मेडली यांनी १९०५ पासून वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत असे गट चालवले होते, पण त्यांची बदली झाली की मागे गट ढेपाळायचे. टिकला तो १९२४ चा, कॅलिफोर्नियातल्या सांता अनाचा. सूत्रसंचालन, घड्याळ, नोंदी दर आठवड्याला फिरवा. सगळं तुमच्या एकट्याच्या गळ्यात असेल तर तुम्ही आजारी पडलात की शनिवार बुडालाच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त व्याकरणाच्या चुका नाव न घेता सांगा. 'आज डोन्ट-डझन्ट बऱ्याच जणांचं चुकलं' एवढं पुरतं. ज्याचं चुकलं त्याला कळतंच.

धागाकर्ता

खूप आभार. वही-पेनाचा टोला बरोबर बसला. :)

ताईंना आत्ताच मेसेज टाकला: 'चूक माझी होती. या शनिवारी भाषण नको, फक्त घड्याळ सांभाळाल का? पहिला बोलणारा मीच आहे.' निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.

आता एकच. आयत्या वेळचे विषय सुचवा ना कोणी. 'माझा छंद' दिला की सगळे शाळेतला निबंध म्हणून दाखवतात. 'मोबाइल घरी विसरलात तर अर्ध्या वाटेतून परत फिराल का?' यावर मात्र परवा भांडायची वेळ आली होती. तसले हवेत.