मदत हवी आहे: नसेतल्या करंटला न्यूट्रल कुठे असतो?

मी सातपूरला मोटार रिवाइंडिंग करतो, शिक्षण आयटीआय. मुलगी बारावी सायन्सला. परवा तिच्या पुस्तकात वाचलं की नसेतून विजेचा सिग्नल जातो, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. तिला विचारलं तर म्हणे, "पप्पा, परीक्षेत न्यूट्रल विचारत नाहीत."

करंट जायचा तर सप्लाय हवा, परतीची वायर हवी. पुस्तकात आत उणे 70 मिलीव्होल्ट लिहिलंय. एवढ्यावर पायापासून डोक्यापर्यंत सिग्नल जातो, मग ड्रॉप कसा होत नाही?

दुसरं, गेल्या आठवड्यात मोटारीचं साइड कव्हर पायाच्या अंगठ्यावर पडलं. पडल्याचं लगेच कळलं, पण खरा ठणका सेकंदभराने आला. "आता येणार" असं मनात म्हणायलाही वेळ मिळाला! वीज एवढी रेंगाळते?

व्हिडिओ पाहिले. सगळे 'सोडियम आत, पोटॅशियम बाहेर' एवढं पाठ म्हणून दाखवतात.

प्रतिसाद:
दादा, मज्जातंतूला तार समजलात तिथेच घोळ झालाय. इथे इलेक्ट्रॉन लांबीने धावत नाहीत, सोडियमचे आयन पेशीच्या पडद्यातून आडवे आत शिरतात. पडद्यातले पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतात, 2 पोटॅशियम आत घेतात. हा तुमचा सप्लाय, आणि तो अख्ख्या लांबीवर पसरलेला. एखाद्या जागी व्होल्टेज उणे 55 च्या आसपास आलं की सोडियमची दारं धडाधड उघडतात, व्होल्टेज अधिक 30 च्या घरात जातं आणि त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. ओळीने लावलेले रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच समजा, प्रत्येकाला स्वतःचा सप्लाय. मग ड्रॉप कुठून होणार? उघडलेलं दार लगेच लॉक होतं, म्हणून सिग्नल मागे फिरत नाही. न्यूट्रल म्हणजे बाहेरचं खारट पाणी. सर्किट तिथल्या तिथे पूर्ण होतं.

अंगठ्याचं म्हणाल तर स्पर्शाच्या जाड तंतूंवर मायलिनचं इन्सुलेशन असतं, सिग्नल मधल्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो. ठणक्याचे तंतू बारीक, बिनइन्सुलेशनचे, वेग सेकंदाला 0.5 ते 2 मीटर. अंगठ्यापासून कण्यापर्यंतच मीटरभर अंतर. करा हिशोब.

मूळ धागाकर्ता:
रिले म्हटल्यावर पेटली ट्यूब! मुलीला दाखवलं, म्हणाली हे पुस्तकातच होतं. असेल. एक राहिलं, दात काढताना सुई देतात ती काय सप्लाय तोडते?

प्रतिसाद:
नाही, पंप चालूच असतात. सुईतलं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, सोडियमची दारं जाम करतं, पुढचा रिले ओढलाच जात नाही.