मदत हवी आहे: आम्हा ट्रेल बाइकवाल्यांना (कच्च्या वाटांवर मोटरसायकल चालवणारे) बघूनच लोक बिचकतात
इंग्लंडमध्ये पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाजवळ राहतो. आम्ही चौघं रविवारी ग्रीन लेनवर, म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या कच्च्या वाटांवर, बाइक नेतो. फक्त 'बायवे ओपन टू ऑल ट्रॅफिक' (गाड्यांसकट सगळ्यांना खुल्या) अशी नोंद असलेल्या वाटा. फुटपाथ (फक्त पायी जायच्या वाटा), ब्रायडलवे (पायी, घोडा, सायकल यांच्या वाटा) नाहीच. २००६ च्या कायद्यानं बऱ्याच वाटांवरचा गाड्यांचा हक्क आधीच गेलाय. नंबर प्लेट, विमा, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सगळं आहे.

परवा एक आजी आम्हाला बघून कुत्र्याला उराशी धरून पार झुडपात सरकल्या. बरोबरच आहे, चिखलानं माखलेले चौघं, काळ्या काचांची हेल्मेटं. मी इंजिन बंद करून हेल्मेट काढलं, गुड मॉर्निंग म्हटलं, तेव्हा कुठे हसल्या. बाकी तिघं तोवर इंजिन रेस करत उभे!

आता त्या वाटेवर गाड्यांना बंदीचा प्रस्ताव आलाय. हरकतीसाठी तीन आठवडे आहेत.

कंपनीचा सायलेन्सर परत बसवलाय, घोडा दिसला की थांबतो, पावसानंतर जात नाही. घोळका वाटू नये म्हणून दोघं-दोघं जाणं अवघड, पंक्चर आमच्यातल्या एकालाच काढता येतं.

हरकतीत आमच्या वागणुकीबद्दल लिहावं, की फक्त हक्क आणि वाटेची झीज यावरच बोलावं? आणि काळ्याऐवजी साधी काच, साधं जॅकेट यानं लोकांच्या नजरेत खरंच फरक पडलाय का कुणाला?