तारण, मुक्ती, उद्धार की खंडणी? 'रिडेम्प्शन'ला मराठीत काय म्हणायचे

अक्षरवेल्हाळ :
पवित्र आठवड्यासाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यासाठी, कॅथलिक धर्मशिक्षणाची एक छोटी पुस्तिका मराठीत आणायची आहे. मूळ मजकुरात 'रिडेम्प्शन' आणि 'सॅल्व्हेशन' हे शब्द एकाच परिच्छेदात वेगळ्या अर्थांनी येतात. मसुद्यात दोन्हींचा 'मोक्ष' झाला आहे, एका ठिकाणी 'उद्धार'. 'मोक्ष' खटकतो. आणखी दोन वाक्ये आहेत : "ख्रिस्ताचा बळी गेला" आणि "मिस्सेत ख्रिस्ताचा बळी पुन्हा दिला जातो". मिस्सा म्हणजे कॅथलिकांची भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना. ही वाक्ये चालतील का?

रेघोटी :
आधी 'मोक्ष'. हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा. कॅथलिक शिकवणीत फेराच नाही. माणूस एकदा जन्मतो, एकदा मरतो आणि शेवटी देहासकट उठतो. देह टाकून सुटायचे नसून देहही वाचायचा आहे, त्यामुळे 'मोक्ष' वाचकाला भलत्याच वाटेने नेतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले हे खरे, पण तो ओवीत, पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी लिहीत होता. आजच्या गद्य पुस्तिकेला ती सूट मिळणार नाही.

आता मूळ शब्द. 'सॅल्व्हेशन'च्या मुळाशी लॅटिन 'सालुस' आहे, म्हणजे सुरक्षितता, आरोग्य. 'रिडेम्प्शन' मात्र सरळ बाजारातला शब्द आहे : 'एमेरे' म्हणजे विकत घेणे, 'रेदिमेरे' म्हणजे मोल देऊन परत मिळवणे. ग्रीकमधला 'लुत्रोन'ही तसाच. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजायची रक्कम. मराठीत आपण गहाण 'सोडवतो', तीच ही क्रिया. म्हणून पहिल्याला 'तारण', दुसऱ्याला 'सोडवणूक' किंवा 'मुक्ती' अशी वाटणी करा आणि ती पुस्तिकाभर पाळा. गोव्याच्या कोकणीत ख्रिस्ताला 'सोडवणदार' म्हणतात. तो शब्द किती नेमका आहे ते यावरून कळेल.

'उद्धार' अर्थाने वाईट नाही, वर उचलणे असा आहे. फक्त मराठी बोलीने त्याचे काय केले आहे ते विसरू नका. "त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला" हे वाक्य कुणी कृतज्ञतेने म्हणत नाही. 'उद्धारक' चालेल, 'उद्धार केला' जपून.

मोडीवाचक :
वाटणी पटली, पण 'तारण'ला दुसरा पदर आहे. सोनेतारण कर्ज, शेतमाल तारण. धातू 'तृ', पार नेणे. "देव तारी त्याला कोण मारी" मधला. सावकाराचे पैसे बुडू नयेत म्हणून ठेवलेली वस्तू तीही 'तारण'च. म्हणजे बँकेतले तारण तिजोरीत अडकलेले असते आणि देवळातले तारण अडकलेल्याला सोडवते. गोंधळ टाळायचा तर क्रियापद बघा : 'तारण ठेवणे, तारण देणे' म्हणजे गहाण, 'तारण करणे, तारण होणे' म्हणजे वाचवणे. "ख्रिस्त आपले तारण आहे" असे लिहिलेत तर कर्जाच्या अर्जासारखे वाचले जाईल. "ख्रिस्त आपला तारणारा" किंवा "ख्रिस्ताने आपले तारण केले" लिहा.

अक्षरवेल्हाळ :
आणि 'खंडणी'? मार्क १०:४५ चा उतारा पुस्तिकेत आहे.

मोडीवाचक :
बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये तिथे 'खंडणी'च आहे. उतारा घ्यायचा तर जसाच्या तसा घ्या, अवतरणातला शब्द बदलू नका. स्वतःच्या विवेचनात मात्र तो टाळलेला बरा. मराठेशाहीत खंडणी म्हणजे बळाने वसूल केलेली रक्कम, आज ती पोलिसांच्या बातमीतली. वाचकाला लगेच प्रश्न पडेल : खंडणी मागणारा गुंड कोण?

गंमत अशी की हाच प्रश्न धर्मशास्त्रात शतकानुशतके चालला. मोल कुणाला दिले? तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने सैतानाकडे बोट दाखवले. चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरीने ते साफ नाकारले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने 'सुम्मा' या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील ४८ व्या प्रश्नात सांगितले की मोल सैतानाला नव्हे, देवाला दिले. शिवाय त्याने 'सोडवणूक' ही एकच प्रतिमा ठेवली नाही. तिच्या शेजारी पुण्य, भरपाई आणि बलिदान याही मांडल्या. एकाच रूपकावर सगळा भार टाकला की ते मोडते, अनुवादातही. तेव्हा 'मोल देऊन सोडवले' असे लिहा. १ करिंथ ६:२० मध्ये "मोलाने विकत घेतलेले" आहेच.

रेघोटी :
हिशेबाची भाषा उपासनेत सगळ्यात उघड दिसते ती पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणरात्री. नवी मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या देवळात आणली की 'एक्सुल्तेत' हे गीत गायले जाते. त्यात ख्रिस्ताने आदामाचे ऋण पित्याला फेडले आणि जुन्या अपराधाची 'काउत्सिओ' आपल्या रक्ताने पुसली, असे येते. काउत्सिओ म्हणजे कर्जरोखा. कलस्सै २:१४ मध्येही असाच दस्तऐवज आहे, ग्रीक शब्दाचा अक्षरशः अर्थ 'हाताने लिहिलेले'. आपली हातचिठ्ठी! तुमच्या मसुद्यात या जागी 'पापाचा डाग' असे काही असेल तर काढा. डाग पुसणे वेगळे, रोखा रद्द करणे वेगळे. पुढे त्याच गीतात आहे : गुलामाला सोडवायला तू पुत्र दिलास. इथे 'मुक्ती' फिकी पडते, 'सोडवणे'च हवे.

पानवेल :
बळीबद्दल. मराठीत 'बळी जाणे' आणि 'बळी पडणे' म्हणजे नाइलाजाने मरणे. "अपघातात पाच बळी" याच साच्यातले. "ख्रिस्ताचा बळी गेला" म्हटले की तो परिस्थितीचा बळी ठरतो. शिकवण नेमकी उलट सांगते : त्याने स्वतः होऊन प्राण दिला (योहान १०:१८). कर्तरी रचना ठेवा : "ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केले".

दुसऱ्या वाक्यातला 'पुन्हा' ही खरी चूक. क्रुसावरचे अर्पण एकदाच झाले. ट्रेंट परिषदेने, कॅथलिक बिशपांच्या सभेने, १५६२ मध्ये, २२ व्या सत्रात सांगितले ते असे : अर्पिलेला तोच, अर्पण करणाराही तोच, वेगळी आहे ती अर्पणाची पद्धत, मिस्सेत ते रक्त न सांडता होते. म्हणून "तेच एकमेव बलिदान मिस्सेत प्रत्यक्ष उपस्थित होते" असे लिहा. 'आठवण केली जाते' एवढेच लिहिलेत तर दुसऱ्या टोकाला जाल.

इथे 'स्मरणार्थ'ची पंचाईत होते. "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे रुळलेले वाक्य आहे, ते तसेच राहू द्या. पण मराठीत 'स्मरणार्थ' वाचला जातो तो बाकांवर आणि पाणपोईवर, आधी 'कै.' लावून. 'स्मारक' म्हटले की पुतळा. मूळ यहुदी कल्पनेत, वल्हांडणाच्या सणात, स्मरण म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेली ती सुटका आज आपल्यापुरती खरी होणे. विवेचनात 'स्मरणविधी' वापरून एका वाक्यात हे सांगा.

विधीच्या कृतीही शब्दांना धरून आहेत, त्यांचा क्रम पुस्तिकेत चुकवू नका. द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतात तो अर्पणाच्या वेळी, ख्रिस्ताच्या देवपणात आपला वाटा असावा या प्रार्थनेसह. भाकर आणि द्राक्षारस यांवर शब्द वेगवेगळे उच्चारले जातात. भाकर म्हणजे शरीर, द्राक्षारस म्हणजे रक्त. ती वेगळी, म्हणजे मरणाची खूण. 'हे आमच्या बापा' आणि शांतीची देवाणघेवाण झाल्यावर ओस्ती, म्हणजे अर्पणाची पातळ भाकर, मोडून तिचा एक कण कटोऱ्यात टाकतात. शरीर आणि रक्त पुन्हा एक झाले, म्हणून ही पुनरुत्थानाची खूण असा अर्थ परंपरेने लावला आहे. त्याच वेळी "देवाच्या कोकरा" म्हटले जाते.

अक्षरवेल्हाळ :
त्या प्रार्थनेतल्या 'पाप हरण करणारा' मधला 'हरण' मुलांना कळत नाही. कोकरू आणि हरीण दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

पानवेल :
मुलांच्या पानावर 'पाप दूर करणारा' करा. लॅटिन क्रियापदात 'उचलणे' आणि 'नेणे' दोन्ही आहेत, तेव्हा 'उचलून नेणारा'ही बसेल. 'माफ करणारा' मात्र नको, तो अर्थ तिथे नाही.

अक्षरवेल्हाळ :
शेवटचे. मुखपृष्ठावर "गुड फ्रायडेची मिस्सा, दुपारी ३" आणि खाली "शुभेच्छा" आहे.

रेघोटी :
दोन्ही काढा. त्या दिवशी मिस्सा नसते, त्यामुळे मिस्सेचा मराठी शब्द 'ख्रिस्तयाग'ही लिहिता येणार नाही. 'प्रभूच्या दुःखसहनाचा विधी' लिहा. वेळ बरोबर आहे. विधीचे भाग असे : वेदीवर क्रूस, मेणबत्त्या, वस्त्र काहीच नाही, धर्मगुरू लाल वस्त्रात येऊन मूकपणे पालथा पडतो, वाचने, दहा विनवण्या, क्रूसवंदन, मग ख्रिस्तप्रसाद. प्रसादाच्या ओस्ती आदल्या दिवशीच्या, गुरुवारच्या मिस्सेतल्या. शुक्रवारी एकही नवी अभिषिक्त होत नाही. म्हणून गुरुवारच्या पानावर "शुक्रवारसाठी पुरेशा ओस्ती" ही सूचना साक्रिस्तानासाठी, म्हणजे विधीची तयारी करणाऱ्या सेवकासाठी, ठेवा, नाहीतर शुक्रवारी रांग निम्मी असतानाच पात्र रिकामे होते. 'शुभेच्छा' रविवारच्या पानावर.