वजन का वाढतं? पोटातले जिवाणू की ताटातलं खाणं?

रानजाई: जाड माणसाला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणं आता तरी थांबवा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २०१३ मध्ये जुळ्या बहिणींच्या चार जोड्या घेतल्या, एक लठ्ठ, दुसरी नाही. त्यांच्या विष्ठेतले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. खाणं सगळ्यांना सारखंच, तरी लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांवर जास्त चरबी चढली. इथे जिभेचा काय दोष?

सातारकर: ताई, प्रयोग खरा आहे, पण पुढचा भाग राहिला. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांत गेले आणि त्यांची चरबी वाढणं थांबलं. पण कधी? खाण्यात स्निग्ध कमी आणि फळं-भाज्या भरपूर होत्या तेव्हाच. तुपकट, फळं-भाज्या कमी असलेलं खाणं दिल्यावर ते जिवाणू टिकलेच नाहीत. म्हणजे ताट आलंच की!

रानजाई: ताट आलंच, पण तेच ताट प्रत्येकाच्या अंगी वेगळं लागतं. आपल्याला न पचणारे तंतू हे जिवाणू आंबवतात, त्यातून बनणारी मेदाम्लं शरीर ऊर्जेसाठी वापरतं. २००४ मध्ये याच गटाने निर्जंतुक उंदरांत साध्या उंदरांचे जिवाणू सोडले, तर दोन आठवड्यांत चरबी सुमारे ६० टक्के वाढली. आणि ते उंदीर आधीपेक्षा कमी खात होते!

निशिगंध: उंदीर पुरे, माणसांचं बोला. सडपातळ दात्यांच्या विष्ठेच्या कॅप्सूल लठ्ठ माणसांना देऊन बघितल्या, बॉस्टनमधल्या अशा दोन चाचण्या २०२० मध्ये छापून आल्या. दात्याचे जिवाणू आतड्यात रुजले, वजन मात्र हललं नाही. आणि इकडे केमिस्टच्या काउंटरवर "वजन घटवणारे प्रोबायोटिक", म्हणजे जिवंत जिवाणू घातलेली पेयं-गोळ्या, मांडलेत! माझ्या आईने असंच एक पेय आणलं, लेबल उलटून वाचलं तर पाण्यानंतर दुसरं नाव साखरेचं. त्या पैशांत महिनाभराची मटकी-चवळी येते.

सातारकर: शंभर टक्के सहमत. उसळ, भाकरी, पालेभाजी, जिवाणूंना हेच घाला.

रानजाई: कॅप्सूलची बाजू मी घेतच नाही, निशिगंध. पण त्या चाचण्या छोट्या होत्या, वीस-पंचवीस माणसांच्या, बारा आठवड्यांच्या. सडपातळ दात्यांचेच जिवाणू दिलेल्या ॲमस्टरडॅमच्या २०१२ च्या चाचणीतही वजन हललं नाही, पण इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. तेव्हा "जिवाणूंचा संबंधच नाही" हे मला पटत नाही. आणि उसळ-भाकरी खाऊनही ज्यांचं वजन उतरत नाही, त्यांना दवाखान्यात "खाणं कमी करा" एवढंच सांगून दोन मिनिटांत बाहेर काढतात, त्याला माझा विरोध आहे आणि राहील.