कॅलिफोर्नियातल्या ओकचा उपाय आमच्या आंब्याला चालंल का?

रायवळवाला:
मंडळी, पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या रानात आज्जानं लावलेला रायवळ आंबा हाय. दोन वर्षं झाली शेंडे वाळायलेत, आणि खोडावर शेवाळ एवढं की हात लावला तर भिजल्या घोंगड्यागत लागतंय. चुलतभाऊ कॅलिफोर्नियात असतो, तो सांगत होता तिकडं ओकची झाडं मरायलीत म्हणून काहीजण आगीची नक्कल करत्यात, म्हणजे पूर्वी तिथले आदिवासी झाडाखालचं गवत-पाचोळा हलक्या जाळानं जाळायचे, शेवाळ जायचं, राखेतलं कॅल्शियम-पोटॅश मातीत उतरायचं, मग १७९३ ला स्पॅनिश गव्हर्नरनं जाळायलाच बंदी घातली, तर आता त्याच्याऐवजी शेवाळ खरडून खोडाला चुना फासायचा आणि बुडात खनिजाची भुकटी. करून बघू का? का सरळ पाचोळाच पेटवू?

शिरोळकर:
पेटवू नको भावा!! गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यानं पाचट पेटवलं आणि बांधावरचा आमचा आंबा एका अंगानं भाजला, त्या बाजूला अजून पालवी नाही. राखेचं म्हणशील तर तुमच्याकडं तांबडी माती, पाऊस दाबून, चुना धुऊन जातो, माती आंबट होते, तिथं घमेलंभर राख चालंल. आमच्या काळ्या रानात पीएच आधीच ८ च्या वर, म्हणजे आंबटाच्या उलट, तिथं राख म्हणजे आगीत तेल. आधी माती तपासून घे की.

पानगळ:
ओकचं अर्धंच सांगितलंय भावानं. तिकडं झाडं मारणारा मुख्य रोग फायटोफ्थोरा रॅमोरम, आपल्या बटाट्याच्या करप्याचा भाऊबंद. २००९ ला छापून आलेल्या चाचणीत खोडाला चुना आणि मातीत खनिज भुकटी, दोन्हींचा त्या रोगावर उपयोग झाला नाही, फॉस्फोनेट नावाच्या औषधाचा झाला, तोही लागण व्हायच्या आधी दिलं तर जास्त. आणि शेवाळ झाडाचं काही खात नाही हो, खातं ते बांडगूळ. खरडून फायदा एवढाच की खालची साल दिसते. बुडात भुसा पडलाय का बघा आधी.

चुलीवरची भाकरी:
आमची आजी आजऱ्याला चुलीतली राख आळ्यात टाकायची पण खोडापासून हातभर लांबच. आणि युरियाबरोबर राख मिसळू नका, नत्र वास होऊन उडून जातं, पैसे वाया.

रायवळवाला:
आत्ता काथ्यानं घासून आलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर करंगळी जाईल असं भोक, त्यातनं ओला भुसा आणि काळपट डिंक. शेवाळाखाली होतं म्हणून दिसलंच नव्हतं 😐

पानगळ:
भिरूड! अळी आत खोड पोखरायली. सायकलचा स्पोक टोकाला वाकवून आत घाला, अळी ओढून काढा, मग कीटकनाशकात भिजवलेला बोळा कोंबून वरनं शेण-मातीनं लिंपा. वाळके शेंडे हिरव्या भागापर्यंत कापा आणि कापलेल्या जागी, खोडालाही, बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बादलीतच कालवा, लोखंडाच्या नको.

रायवळवाला:
म्हणजे चुना लागणारच की शेवटी 😄 पोराची जुनी सायकल माळ्यावर हाय, स्पोक काढतो.