मदत हवी आहे : बारीक आवाजातही जिवंत राहणारी रॉक-मेटल गाणी सुचवा

नमस्कार मंडळी,

आधी मुद्द्याचं लिहिते. मला अशी रॉक आणि मेटल गाणी हवी आहेत जी आवाज अगदी बारीक ठेवूनही ऐकावीशी वाटतात. बाजूला कुणी झोपलंय म्हणून एका रात्रीपुरती नकोत. मला आता कायमच असं ऐकायचं आहे.

मी चौदा वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतेय. गेल्या गणपतीत विसर्जन करून घरी आले आणि डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. दरवर्षी दोन दिवसांत जाते, या वेळी गेलीच नाही. दिवसा रहदारीत कळत नाही, रात्री पंखा बंद केला की कळते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला. कागदावरची रेघ बऱ्यापैकी सरळ येते, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच सुरांपाशी, खड्ड्यात उतरते आणि पुढे पुन्हा वर चढते. मोठ्या आवाजाने झालेलं नुकसान बहुतेकांना तिथेच दिसतं, असं त्यांनी सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा म्हणाले. सरावाला आणि मिरवणुकीत आता इअरप्लग घालते. तो भाग सुटला. सुटत नाहीये तो हेडफोनचा.

माझ्या प्लेलिस्टमध्ये पंचवीसेक गाणी वर्षानुवर्षं फिरतात. कोथरूडहून हिंजवडीला जाताना बसमध्ये आणि रात्री भांडी घासून झाली की गॅलरीत, असं माझं ऐकणं. सगळी गाणी मोठ्याने ऐकायचीच सवय. गेले दोन आठवडे घरी रोज दोन-तीन गाणी फोनचा आवाज निम्म्याच्याही खाली ठेवून ऐकली आणि वहीत लिहीत गेले. काही गाणी पार मेली. काही मात्र इतकी उघडली की मी ती इतकी वर्षं नीट ऐकलीच नव्हती असं वाटलं.

सगळ्यात आधी ब्लॅक सबाथ. १९७० च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं, बँडच्याच नावाचं. पाऊस, लांबून येणारी घंटा, आणि मग तो तीन सुरांचा रिफ, म्हणजे गिटारीची पुन्हा पुन्हा येणारी ओळ. सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर येऊन थांबायचं. तो शेवटचा सूर गिटारवादक टोनी आयोमी थरथरता ठेवतो आणि त्यानंतर बराच वेळ जवळजवळ काही घडत नाही. मोठ्या आवाजात त्या रिफचा धक्का बसतो. बारीक आवाजात दोन सुरांमधली मोकळी जागा ऐकू येते, आणि भीती खरं तर त्या जागेत आहे. शेवटाकडे लय दुप्पट वेगाने पळायला लागते तेव्हा मी आवाज वाढवायला बोट नेलं होतं, पण गरज पडली नाही. पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली तेव्हा आयोमी सतरा वर्षांचा होता. डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे १९७१ पासून तारा सैल करून खालच्या सुरात वाजवल्या. ताशाच्या काड्यांनी माझी बोटं सोलवटतात, टेप लावून वाजवावं लागतं, तेव्हा हा माणूस आठवतोच.

दुसरं लेड झेपलिनचं 'कश्मीर', १९७५. नाव कश्मीर असलं तरी शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. यात जॉन बॉनमचे ड्रम चारच्या हिशोबात चालतात आणि गिटारची ओळ तीनच्या. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. हे मला वाचून माहीत होतं, हातावर मोजून कळलं ते आत्ता. मोठ्या आवाजात सगळं एका लाटेसारखं अंगावर येतं, मोजणार कधी? पथकात ताशाने उठाव दिला आणि पन्नास ढोल एका ठोक्यावर आले की पोटात जे होतं ते इथे दर बारा मात्रांनी होतं, तेही कुजबुजीच्या आवाजात.

तिसरं मेटॅलिकाचं 'ओरायन', १९८६. साडेआठ मिनिटांच्या आसपास, एकही शब्द नाही. मध्यावर सगळं थांबतं आणि क्लिफ बर्टनचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, एकटा चालू लागतो. तिथून पुढची दोन-तीन मिनिटं मला सगळ्या मेटलमध्ये सर्वांत प्रिय आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीला हेच वाजवलं होतं.

आता मेलेली. मोटरहेडचं 'एस ऑफ स्पेड्स' माझं अतिशय लाडकं, पण बारीक आवाजात ते पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' तर मी यादीतून काढलाच. तो आवाज इतका दाबून भरलेला आहे की त्या वेळी चाहत्यांनीच तक्रार केली होती. गाणी चांगली आहेत, पण त्यात हळू काही नाहीच, त्यामुळे आवाज कमी केला तरी कान दमतात. आयर्न मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम' अर्धं टिकलं. घंटेची सुरुवात सुंदर, पुढे दोन गिटारी सुटल्या की हात आवाजाकडे जातो. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनला ऐकलंय, धुळीत, हजारो लोकांबरोबर ओरडत. ते गाणं बारीक आवाजात ऐकणं मला अजून जमत नाही.

तर मला दोन गोष्टी सांगा. एक, मोकळी जागा असलेली, बासवर किंवा ठेक्यावर उभी राहणारी गाणी. जुनं-नवं काहीही चालेल. नुसत्या गिटारीवरचं हळवं नको, वजन हवं. दोन, बसमध्ये काय करता? तिथे बारीक आवाज टिकतच नाही.

– तर्री

घाटमाथा :
तर्री ताई, वाचून वाईट वाटलं. वेळेत दाखवलंत हे बरं केलंत. सबाथचंच 'प्लॅनेट कॅराव्हॅन' ऐका, 'पॅरानॉइड' अल्बममधलं. गायक ऑझीचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय आणि ठेक्याला काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उभे ढोल, आहेत, ते तुम्हाला आवडतील. ओपेथचा २००३ चा 'डॅमनेशन' पूर्ण ऐका, त्यात घोगरं गाणं अजिबात नाही. सुरुवात 'विंडोपेन'ने करा. आणि अ‍ॅलिस इन चेन्सचं 'नटशेल', १९९४. गिटारी साध्या आहेत, पण वजन हवं म्हणालात तर यात आहे.

रातकिडा :
ताई, वेगवान गाणी बारीक आवाजात मरतात हे मला सरसकट पटत नाही. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) लावून बघा. दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपतात. निर्माता रिक रुबिनने त्यात घुमारा जवळजवळ ठेवलाच नाही, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. गाणं मरतं ते वेगाने नाही, गिचमिडीने.
दुसरं, आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस'चं बटण असायचं ते यासाठीच. फोनच्या इक्वलायझरमध्ये बास थोडा वर घ्या, एकूण आवाज वाढवू नका. झांजा ऐकू येत नाहीत म्हणून आवाज चढवायचा मोह होईल. तुमचा खड्डा ४००० ला आहे, तर तिथेच फसायला होतं.
बसचं म्हणाल तर कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन किंवा बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन. इंजिनावर मात करायला आपण आवाज वाढवतो, तेच थांबवायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८६ ला फक्त १० तास. तुमचं आधीच नुकसान झालंय, त्यामुळे तुमची मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तर्री :
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री गॅलरीत 'प्लॅनेट कॅराव्हॅन' तीनदा ऐकलं. काँगावर बोटाचा ठोका कुठला आणि तळव्याचा कुठला, ते वेगळं कळत होतं. शिट्टी होती, पण मला ती गाणं संपल्यावर आठवली.
रातकिडा, तुमचं स्लेयरबद्दलचं खरं निघालं. बास थोडा वर घेतल्यावर त्यांचा ड्रमर डेव्ह लोंबार्डो पायाने मारतो ते ठोके स्पष्ट मोजता आले. माझ्या वहीत 'वेगवान' असा एक रकाना होता, तो खोडून 'गिचमिड' लिहिलंय, आणि 'एस ऑफ स्पेड्स' त्यात ठेवलंय. रबरी टोकाचे इअरफोन मागवलेत. मर्यादेचं पुढच्या तपासणीला विचारते. 'विंडोपेन' आज रात्री.
दहा मिनिटांहून मोठी, बास पुढे असलेली गाणी कुणाला आठवत असतील तर इथे लिहीत राहा. सराव जूनच्या शेवटी सुरू होतो, तोवर यादी नव्याने लावायची आहे.